वरच्या मामांचं हेल्मेट

आमचे हे क्रेन चालवतात. रस्त्यात चुकीच्या जागी लावलेल्या गाड्या उचलून नेतात ती क्रेन नव्हे. मोठी इमारत बांधताना तिच्या शेजारी तिच्याहूनही उंच लोखंडी सांगाडा उभा असतो आणि त्याच्या डोक्यावरून एक लांबलचक आडवा हात निघालेला असतो, ती क्रेन. त्या हाताच्या मुळाशी काचेची एक खोली असते, आमच्या बाथरूमपेक्षा लहान. सकाळी हे शिडीने वर जातात, डबा आणि पाण्याची बाटली दोरीने ओढून घेतात आणि उतरतात ते संध्याकाळीच. साइटवर यांना सगळे 'वरचे मामा' म्हणतात. खाली कशावरून वाद पेटला की कुणीतरी म्हणतं, वरच्यांना विचारा. आमच्या लग्नानंतर माझा भाऊ यांना म्हणाला होता, भावजी, तुम्ही म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारे. हे म्हणाले, शेळ्या नाही, सळया. यांचा आयुष्यातला एवढा एकच विनोद, आणि तो अजून चालू आहे.

दिवसभर एकट्याने बसायची सवय, त्यामुळे हे बोलतात कमी. ती कसर मी भरून काढते. मी घाबरट आहे, हेही सांगून टाकते. झुरळ दिसलं की मी पलंगावर असते, आणि वारा सुटला की गच्चीवर. आमच्या गच्चीवरून साइट दिसते. वाऱ्याच्या दिवशी वाळत घातलेले कपडे काढायच्या निमित्ताने मी वर जाते आणि क्रेनकडे बघत उभी राहते. तो हात वाऱ्याने जरा जरी हलला तरी माझ्या जिवाचं पाणी होतं. हे मी यांना कधी बोलले नव्हते. वर बसलेल्या माणसाला कशाला सांगायचं?

तर वर बसणाऱ्या माणसांची दरवर्षी डॉक्टर तपासणी करतात. डोळे, कान, चक्कर येते का, आणि रक्तदाब. यंदा रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, असा माणूस मला वर पाठवता येणार नाही, खाली माणसं काम करत असतात. यात त्यांचं काही चुकलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासला, पुन्हा जास्तच. आता तिसऱ्यांदा आणि शेवटचं तपासायचं होतं. तेव्हाही खाली आला नाही तर क्रेन कायमची बंद आणि सामानाच्या गोदामात नेमणूक. आदल्या दिवशी सुपरवायझरचा फोन आला. त्याने फार चाचरत सांगितलं की मामा, येताना हेल्मेट बरोबर असू द्या. क्रेनवाल्यांचं हेल्मेट पिवळं असतं आणि गोदामवाल्यांचं पांढरं. म्हणजे तशीच वेळ आली तर पिवळं जमा करून पांढरं घेऊन जा. यांनी बरं म्हटलं आणि ते हेल्मेट ओल्या फडक्याने पुसून ठेवलं.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा रक्तदाब वाढलेला निघाला तेव्हा मला आत कुठेतरी बरंच वाटलं होतं. म्हटलं, सुटले मी. आता वारा सुटला तरी माझा माणूस जमिनीवर. पण चार दिवसांतच माझी हौस फिटली. यांनी माझी पातेली आकाराप्रमाणे लावून टाकली, मला एक सापडेना. दाराच्या बिजागऱ्यांना तेल झालं, नळ आवळून झाले. मग हे खुर्चीवर बसायला लागले, दोन पायांच्या मधून खाली बघत. तिकडे वर पायाखाली काच असते ना, तीस वर्षांची सवय. इथे नुसती फरशी. तासन्‌तास माणूस फरशीकडे बघतोय. जेवण निम्म्यावर आलं. गच्चीवर जाऊन यायचे आणि म्हणायचे, दुसरा कुणीतरी बसलाय, त्याचा हूक झुलतोय. एवढंच. मला कळून चुकलं की गोदामात हा माणूस वर्षभरही टिकणार नाही. पगार तोच मिळाला असता, पण माझ्या घरी परत कोण आलं असतं कुणास ठाऊक.

म्हणून मी कंबर कसली. मीठ बंद केलं. चहा बंद केला. टीव्हीवरच्या बातम्या बंद केल्या, वर्तमानपत्र आधी मी वाचून त्यातली वाईट पानं लपवायला लागले, म्हणजे जवळजवळ सगळंच. मुलगी लांबच्या गावी असते, तिने फोनवर श्वासाचा व्यायाम शिकवला: बाबा, नाकाने घ्यायचा, धरायचा, सोडायचा. धरला की यांना खोकला यायचा. मी दिवसभर मागे लागलेली असायची, शांत राहा, डोक्यात काही आणू नका, चेहरा असा का झालाय, श्वास घेतलात का. हे मुकाट्याने सगळं करायचे. हूं नाही की चूं नाही.

त्या दिवशी पहाटेच मला जाग आली. हे आधीच उठून अंधारात बसले होते. मी विचारलं, झोप लागली का? हे म्हणाले, लागली. ते खोटं होतं. मग माझा तोल सुटायला लागला, पण आज काही बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं, त्यामुळे मी भांडी जोरात घासली. दुपारी निघताना स्कूटर सुरू होईना. यांनी लाथ मारून मारून ती सुरू केली तोवर शर्ट पाठीला चिकटला. पुढे रस्ता खणून ठेवलेला, सगळ्या गाड्या एका गल्लीत कोंबलेल्या, मागचा मोटारवाला हॉर्नवर हात ठेवून झोपी गेला असावा. मी वळून त्याला चार शब्द सुनावले. तो गाडीतून उतरला. हे म्हणाले, जाऊ दे. मी म्हटलं, तुम्ही बोलू नका, तुम्ही शांत राहा. मग मी आणि तो भांडलो. मागे बसून मी यांच्या खांद्यावर हात ठेवला होता, तो खांदा दगडासारखा लागत होता. पुढे निघाल्यावर मी यांच्या कानात सांगत राहिले, शांत राहा, अजून वेळ आहे, पोहोचू आपण.

डॉक्टरांचा दवाखाना एका बैठ्या इमारतीत आहे. मागे थोडी मोकळी जागा, एक बाक, एक झाड, गाड्या लावायला पत्र्याची शेड. यांनी स्कूटर झाडापाशी लावली, हेल्मेट पट्ट्याने तिच्या आरशाला अडकवलं आणि आम्ही आत गेलो. आधीच्या दोन्ही वेळांसारखी मी यांच्या शेजारी उभी राहिले. नर्सने दंडाला पट्टा गुंडाळला आणि फुगवायला सुरुवात केली. तो पट्टा फुगताना मी श्वास धरून ठेवते, मला ते आवरत नाही. यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा फरशीकडे. डॉक्टरांनी आकडा पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले की आज तर गेल्या वेळेपेक्षाही जास्त आहे.

ते माणूस म्हणून वाईट नाहीत. म्हणाले, धावपळ करून आलेले दिसता, बाहेर सावलीत बसा. मी चार वाजता निघतो, त्याआधी एकदा शेवटचं बघू. पण मग मला जे दिसेल ते लिहावं लागेल.

आम्ही मागच्या बाकावर जाऊन बसलो. माझे हात थरथरत होते. मी म्हटलं, आता डोळे मिटा. मी म्हटलं, मुलीने सांगितलं तसा श्वास घ्या. पाणी हवंय का? चार वाजायला किती वेळ आहे ते बघू का? पुन्हा म्हटलं, अहो, डोळे मिटा ना.

"तू जरा गप्प बसशील का?" हे म्हणाले.

आवाज चढला नव्हता. पण एवढ्या वर्षांत या माणसाने मला असं कधी म्हटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी उठून बाकाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि पाठ फिरवून बसले. मनात म्हटलं, करा काय करायचं ते. मीठ मी बंद केलं, मोटारवाल्याशी मी भांडले, आणि गप्पही मीच बसायचं. राग आला होता, आणि रागाच्या खाली भीती होती. चार वाजले की सगळं संपणार होतं.

तेवढ्यात आवाज आला. आधी वाटलं, कुठलं तरी यंत्र चालू झालं. मग शेडच्या वरून काळपट धुरासारखं काहीतरी सरकत आलं आणि मी बघते तर त्या मधमाश्या. हजारो. हवा नुसती भरून गेली. दवाखान्याच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. मी जागेवरून हलू शकले नाही. माश्या आमच्या डोक्यावरून गेल्या, स्कूटरभोवती फिरल्या आणि एकेक करत त्या पिवळ्या हेल्मेटवर उतरायला लागल्या. बघता बघता हेल्मेट दिसेनासं झालं. आरशाला तपकिरी रंगाचा एक जिवंत घड लटकत होता.

"हलू नकोस," हे म्हणाले. "काही करत नाहीत. घर शोधायला निघाल्यात."

मागे एकदा यांच्या क्रेनच्या हुकावरही अशाच मधमाश्या येऊन बसल्या होत्या. तेव्हा यांनी हूक हलवायला नकार दिला, सगळी साइट दुपारपर्यंत हातावर हात धरून बसली आणि सुपरवायझरने वरच्यांचा उद्धार केला. मग त्या उडून गेल्या. हे सगळं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. घरी कधी सांगितलंच नव्हतं.

दवाखान्याचा रखवालदार एका हातात फवाऱ्याचा डबा आणि दुसऱ्या हातात झाडू घेऊन आला. हे उठून त्याच्या आणि स्कूटरच्या मधे उभे राहिले. रखवालदारही त्याच्या जागी बरोबर होता. म्हणाला, पेशंट येतात-जातात, कुणाला चावल्या तर मला जबाबदार धरतील. यांनी त्याला थोडा वेळ थांबायला सांगितलं, आपोआप जातील म्हणाले. बरीच घासाघीस झाली. शेवटी तो म्हणाला, तुम्ही इथे लक्ष ठेवून बसणार असाल तर बसा, लोकांना मी पुढच्या दाराने पाठवतो. पण तुम्ही इथून हललात की मी फवारणार. आणि डबा मांडीवर घेऊन तो शेडच्या पायरीवर बसला.

माश्या बसलेल्या, हे उभे, रखवालदार राखणीला, आणि घड्याळ पुढे चाललेलं. जरा वेळाने खिडकीची एक फट उघडली आणि नर्सने आतूनच सांगितलं की डॉक्टर बोलावतायत, त्यांना निघायचंय. हे हलले नाहीत.

मी खालच्या आवाजात म्हटलं की डोकं ठिकाणावर आहे का, माश्यांपायी क्रेन घालवणार आहात का? माश्यांकडून नजर न काढता हे म्हणाले, "आपल्याकडे आल्यात. हेल्मेट माझं आहे. असं मारायला देऊन कसा जाऊ?"

मला हसू यावं की रडू, कळेना. हा माणूस कशानेही हलणार नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. हूकसुद्धा हलवला नव्हता त्याने. डॉक्टर चार वाजता निघणार होते. आणि मग मी जे बोलले, ते माझं मलाच ऐकू आलं तेव्हा कळलं.

"तुम्ही जा. मी बसते यांच्यापाशी."

हे वळले आणि माझ्याकडे बघायला लागले. झुरळाला बघून पलंगावर चढणारी बाई. म्हणाले, "जमेल तुला?"

मी म्हटलं, न जमायला काय झालं, जा. हे गेले. रखवालदाराने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं आणि डबा खाली ठेव असं बजावलं. मग बाक जरा पुढे ओढून त्यावर बसले.

सुरुवातीला मी नुसती दात आवळून बसले होते. छातीत धडधड इतकी की माश्यांचा आवाज कोणता आणि माझा कोणता, ते समजेना. एक माशी येऊन माझ्या मनगटावर बसली. ओरडले असते तर रखवालदार फवारा घेऊन उठला असता, म्हणून ओरडले नाही. ती बांगडीपर्यंत चालत गेली, थांबली, पुढचे पाय तोंडावरून फिरवले आणि उडून घडात गेली. माझं मनगट तिथेच होतं. त्याला काही झालं नव्हतं.

मग मी बघायला लागले. दुसरं करणार तरी काय? माश्यांनी एकमेकींचे पाय धरले होते. वरच्या माशीने आरशाची दांडी धरलेली, तिला दुसरीने, दुसरीला तिसरीने, अशा साखळ्याच्या साखळ्या लटकत होत्या आणि कुणी सुटत नव्हतं. अधूनमधून एखादी बाहेरून यायची, घडाच्या अंगावर अंग हलवत तुरूतुरू फिरायची आणि पुन्हा निघून जायची. जागा बघून आली असणार. बाकीच्या नुसत्या थांबल्या होत्या. जुनं घर सुटलेलं, नवं मिळालेलं नाही, संध्याकाळी कुठे असणार याचा पत्ता नाही, तरी कसली घाई नव्हती. जवळ गेल्यावर थोडा मेणासारखा वास येत होता. झाडाची सावली घडावरून हळूहळू सरकत होती. तो गुणगुणणारा आवाज मघाशी अंगावर येत होता, तो आता घरात दुसऱ्या खोलीत कुणीतरी आपलं माणूस वावरत असावं तसा वाटायला लागला.

माझे हात थांबले होते. कधी थांबले ते कळलं नाही. खांदे खाली आले होते. सकाळपासून, छे, पंधरा दिवसांपासून माझ्या डोक्यात एक चाक फिरत होतं. मीठ, आकडा, गोदाम, वारा. ते बंद पडलं होतं. मला फार बरं वाटत होतं, इतकं साधं बरं की त्याचं मला रडूच आलं. वाटलं, हे वर एकटे बसतात तेव्हा यांना असंच वाटत असेल का? मी आजवर त्या काचेच्या खोलीकडे फक्त पडायची जागा म्हणून बघत आले होते.

किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. बाक जरासा हलला. हे शेजारी येऊन बसले होते.

"हळू बसा," मी म्हटलं. "आत्ताच एक परत आलीय. बघा कशी फिरतेय."

हे बघत राहिले. रखवालदारही डबा पायरीवर सोडून आमच्या मागे येऊन उभा होता. मग घड सैल झाला. खालच्या माश्या आधी सुटल्या, मग मधल्या, मग एकदम सगळ्या उठल्या. डोक्यावर ढग झाला, एकदा झाडाभोवती फिरला आणि भिंतीपलीकडे गेला. आरशाला पिवळं हेल्मेट लटकत राहिलं. आत दोन-चार चुकार माश्या होत्या, त्याही गेल्या. रखवालदार म्हणाला, गेल्या बुवा. त्याच्या आवाजात चक्क हळहळ होती.

तेव्हा मला आठवलं की मी काही विचारलंच नव्हतं. मी यांच्याकडे बघितलं. यांनी खिशातून घडी घातलेला कागद अर्धा वर काढला आणि परत आत सरकवला.

"उद्यापासून डबा लवकर लागेल," हे म्हणाले.

माझ्या जिवात जीव आला. मी विचारलं, उतरला कसा? हे म्हणाले, उतरला. डॉक्टर काय म्हणाले? यावर हे उठून हेल्मेट सोडवायला गेले. मग म्हणाले की डॉक्टरांनी विचारलं, तुमच्या बाई आत्ता कुठायत?

मी घाबरट असेन, मूर्ख नाही. पट्टा फुगताना हे माझ्याकडे बघायचे, ते तिन्ही वेळा मला आठवलं. दुखणं एकीकडे आणि मी मीठ बंद करून बसलेली. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. मी सरळ विचारलं, "मी शेजारी असायची म्हणून वाढायचा ना?"

हे हेल्मेटचा पट्टा सोडवत होते.

"तू श्वास धरून उभी असतेस," हे म्हणाले. "तुला एवढी भीती वाटतेय हे दिसलं की माझ्याही पोटात गोळा येतो."

"मग पहिल्याच वेळी सांगायचं नाही?"

"काय सांगणार? तू येऊ नकोस म्हणून?"

म्हणजे हा माणूस गोदामात जायला तयार होता. पिवळं हेल्मेट पुसून घेऊन आला होता. पण मला 'तू बाहेर थांब' एवढं सांगायला तयार नव्हता. मला इतका राग आला आणि इतकी माया दाटून आली की मी यांच्या दंडावर एक चापट मारली, पट्टा बांधतात तिथेच. मग आम्ही स्कूटरला लाथा मारायला लागलो. परतीच्या वाटेवर मी एक अक्षर बोलले नाही. निम्म्या रस्त्यात यांनी मान वळवून विचारलं, बरी आहेस ना?

हे दुसऱ्या दिवसापासून वर जायला लागले. पातेली मी परत माझ्या पद्धतीने लावली. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मीठ जरा कमीच ठेवलं, पण चहा सुरू झाला.

त्यानंतर काही दिवसांनी वारा सुटला, चांगला दारं आपटणारा. माझं घाबरणं नेहमीसारखं सुरू झालं. ते काय लगेच जाणार आहे? मी गच्चीवर गेले, कपडे काढले. क्रेनचा हात वाऱ्यात हलत होता. मग मी खाली आले, खुर्ची घेतली, मटार घेतले आणि पुन्हा वर जाऊन सोलत बसले. अधूनमधून तिकडे बघत होते, पण बसूनच. शेजारच्या कुंडीत एक मधमाशी फिरत होती.

संध्याकाळी हे आले, हातपाय धुतले आणि ताटावर बसले. पहिला घास खाऊन झाल्यावर म्हणाले, "आज बसलेली दिसलीस."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. मी विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं..."

"वाऱ्याच्या दिवशी तू उभी असायचीस," हे म्हणाले. "वरून आपली गच्ची स्वच्छ दिसते." आणि त्यांनी अजून थोडी भाजी मागितली.